रुळावरचा सीन

चाळीसगाव,
रविवार रात्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर तुझी आई जेवली नाही. तुला टोचावं म्हणून हे सांगत नाही. फोनवर आपले दोघांचेही आवाज चढतात, म्हणून पत्र लिहितोय. बापू मंगळवारी जळगावला येतोय, त्याच्या हाती देतो.

तुझ्या सिनेमाची गोष्ट मी पूर्ण वाचली. मोबाइलवर मला दिसत नाही म्हणून दादाने मोठ्या अक्षरात छापून आणली. फलाटावरच्या बाकड्यावर बेवारस मोबाइल सापडतो, दहावीतली तिघं तो घरी नेतात, आणि रोज रात्री त्यात त्यांचेच फोटो येऊ लागतात. हे वाचताना मी खरंच मागे वळून दाराकडे बघितलं. फोटो काढणारा त्या तिघांपैकीच आहे, हे तू वाचणाऱ्याला आधी सांगून टाकतेस आणि बाकीच्या दोघांना कळू देत नाहीस. मग पानापानाला वाटतं, अरे, त्याच्याजवळ बोलू नका! एवढी समज तुला कुठून आली? आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो, तर ती गॅस बंद करून शेजारी येऊन बसली.

आणि मग ती शेवटची तीन पानं. रात्र, वाघळीकडची लाइन, पोरगा रुळात उभा, समोरून गाडी, शेवटच्या क्षणी उडी. आणि तू म्हणतेस, गाडी खरी घेणार.

सोनू, ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ३० मीटर कापते. पाव किलोमीटरवर दिसली तर आठ सेकंदांत अंगावर. रात्री नुसता दिवा दिसतो, तो लांब आहे की जवळ हे डोळ्याला कळत नाही. तू म्हणालीस, आवाज आला की बाजूला होऊ. अगं, शेजारच्या लाइनीवरून मालगाडी जात असली की दुसऱ्या गाडीचा आवाज तिच्यात बुडून जातो. जन्म रुळावर काढलेली आमच्या गँगमधली, रूळ सांभाळणारी माणसंसुद्धा अशी जातात. ड्रायव्हरने ब्रेक मारला तरी गाडी थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. पावसाळी गस्तीत, रात्रीच्या ड्यूटीत आम्हाला रुळावरून काय काय उचलावं लागलं, ते मी घरात कधी बोललो नाही. आजही बोलणार नाही.

परवानगीशिवाय रुळात शिरलं तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं मला काही नाही. दंड मी भरेन.

हे भाषणच झालं. माफ कर. रुळाचा विषय इथे संपला.

तू म्हणालीस, सिनेमा आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. सेन्सॉर बोर्डाने २०२४ मध्ये यूएचे, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांचे, वयाप्रमाणे ७, १३ आणि १६ असे तीन भाग केले, आणि आपला १३ मध्ये बसेल असाच करायचा, असं तुमचं ठरलं. रक्त नाही, शिवी नाही. फार चांगलं केलंत. पण त्या वयाचं मला वेगळंच भ्या वाटतं. चौदा वर्षांचा पोरगा पडद्यावर गाडीसमोरून उडी मारून वाचलेला बघतो, तेव्हा त्याच्या मनात गाडी राहत नाही, उडी राहते. त्याला हीरो सापडतो. दुसऱ्या दिवशी मित्राच्या हातात मोबाइल देऊन तो कुठे जाईल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बघ, पुन्हा रुळावरच आलो.

तुला आठवतं का, क्वार्टरमध्ये होतो तेव्हाचं? लाइट गेलेली असली की रात्रीच्या गाडीचा उजेड जाळीतून आत यायचा आणि भिंतीवरून सरकत जायचा. मांडणीवरची भांडी थरथरायची. तू पाच वर्षांची असशील. माझ्या कुशीत शिरून विचारायचीस, पप्पा, भिंतीवरून कोण चाललंय? गाडी निघून गेली तरी तुझी मूठ सुटायची नाही. आजी म्हणायची, तुनी पोर तुनासारखीच शे, कान सदा गाडीकडे.

तेच घे ना सिनेमात. गाडी दाखवू नकोस, गाडीचा उजेड दाखव. मुलगी घरात एकटी, कानाला फोन, फोनवर तो रुळाकडे गेलेला पोरगा. आधी फोनमधून गाडी ऐकू येते. मग भांडी वाजायला लागतात. मग भिंतीवर जाळीच्या रेघा सरकतात आणि फोन बंद पडतो. पोराचं काय झालं, ते दारावर थाप पडेपर्यंत कुणाला कळायला नको. खिडकीबाहेर दादा बॅटरी घेऊन फिरेल, भांडी हलवायला मांडणीमागे मी बसतो. आवाज मात्र खराच घे, फाटकाच्या अलीकडे, रस्त्यावर उभं राहून.

आपल्या गावात फोटोग्राफर केकी मूस होऊन गेले. तो माणूस वर्षानुवर्षं बंगल्याबाहेर फारसा पडला नाही. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, दिवा हवा तसा धरायचा आणि अख्खा देखावा उभा करायचा, असे त्यांचे फोटो. १९८९ मध्ये ते गेले, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नंतर शाळेच्या सहलीत तू ते फोटो बघून आलीस आणि घरी पाटावर मीठ पसरून बर्फ केलास. आईने मिठासाठी रागे भरलं. मी शेजारच्यांना बोलावून तो बर्फ दाखवला होता.

मला सिनेमातलं कळत नाही, असं तू काल म्हणालीस. तुझ्याएवढं नाहीच कळत. पण अंधारात बसून गाडीची वाट बघणं मला कळतं, आणि तुझी ती पहिली पानं वाचताना तसंच वाटलं. या घरात असं लिहिणारं आधी कुणी झालं नाही. धरणगावच्या मावशीलाही फोन करून सांगितलं, शेवट न सांगता.

बापूच्या डब्यात शेवभाजीचा मसाला आणि कळण्याचं पीठ आहे. खर्चाला थोडे पैसे पाकिटात ठेवलेत, त्यातले बॅटरीला वापर. आणि सगळं ऐकून घेऊनसुद्धा तुम्ही वाघळीला जायचं ठरवलंच, तर मला न सांगता जाऊ नका. शुक्रवारपर्यंत फोन कर, आधी आईला.

तुझे पप्पा

ता. क. उडी मारणारा तो मुलगा कुणाचा आहे? त्याच्या आईवडिलांना तुम्ही विचारलंय का? त्यांचा नंबर पाठव.