मोहरीवरील मावा आणि घाईची फवारणी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. डिसेंबर सरत आला की ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यात मोहरी फुलावर येते आणि पाठोपाठ मावा दिसू लागतो. आमची थोडी शेती बटाईने दिलेली असल्याने दर हिवाळ्यात एकच प्रकार पाहतो : आभाळ दोन दिवस झाकोळले आणि बांधाकडेच्या रोपांवर कीड दिसली, की दुकानदार देईल ते औषध आणून भर दुपारी शेतभर फवारले जाते.

मावा हलक्यात घेण्याजोगा नाही, हे मान्यच आहे. कळ्या, शेंडे व कोवळ्या शेंगांतील रस शोषणाऱ्या या इवल्या किडीच्या माद्या नराविना थेट पिल्ले देतात आणि ती पिल्लेही आठ-दहा दिवसांत पिल्ले देऊ लागतात, त्यामुळे शेंडा बघता बघता गच्च भरतो. तिच्या शरीरातून पाझरणाऱ्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि शेंगा पोसत नाहीत.

मात्र तोच शेंडा जवळून पाहावा. काही मावे फुगून गव्हाळ, कागदी झालेले असतात. त्यांच्या पोटात वाढणारी बारीक परोपजीवी माशी पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडते. शेजारीच सुसरीच्या आकाराची, नारिंगी ठिपक्यांची काळसर अळी मावा फस्त करीत असते. ती ढालकिड्याची अळी होय, आणि दुर्दैवाने आपले शेतकरी तिलाच कीड समजून चिरडतात. सरसकट फवारणीत हे मित्रकीटक आधी मरतात, मावा मात्र पुन्हा उसळतो. शिवाय परागीभवन करणाऱ्या मधमाश्या दुपारी फुलांवरच असतात. ज्या मुरैन्यात मोहरीच्या हंगामात मधपेट्या ठेवल्या जातात, तिथे हे नुकसान दुहेरी आहे.

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकली तर पीक बऱ्याच अंशी या तडाख्यातून सुटते. सुरुवातीला कीडग्रस्त शेंडे खुडून नष्ट करावेत. मुख्य शेंड्याच्या १० सेंटीमीटर भागात सरासरी २६ ते २८ मावे आढळले, तरच शिफारस केलेले औषध, तेही संध्याकाळी, फवारावे.

राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आपल्याच शहरात आहे. तेथील कीटकशास्त्रज्ञांचा साप्ताहिक सल्ला डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आपण छापावा, आणि औषधविक्रेत्यांनी किडीची पातळी विचारल्याशिवाय बाटली देऊ नये असा आग्रह कृषी विभागाने धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर