ठोकळा कोणी लावायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोडिंग डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या उंच कट्ट्यावर, अपघात झाला की चर्चा होते ती मालकाची, ठेकेदाराची आणि यंत्रांची. ती व्हायलाच हवी. परंतु गोदामात पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, डॉकवर सर्वांत जास्त घात करतो तो 'दुसऱ्याने बघितले असेल' हा समज.

ट्रेलरच्या चाकाखालच्या ठोकळ्याचेच घ्या. फोर्कलिफ्ट आत शिरून ब्रेक दाबते तेव्हा दर वेळी ट्रेलरला हिसका बसतो आणि चाके अडवलेली नसतील तर तो डॉकपासून थोडाथोडा पुढे सरकत राहतो. ही वाढती फट सतत आत-बाहेर करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. लेव्हलरची, म्हणजे डॉक आणि ट्रेलर जोडणाऱ्या लोखंडी फळीची, पट्टी ट्रेलरच्या कडेवरून सुटते, तेव्हाच ती फट कळते. डॉकची उंची साधारण सव्वा मीटर, म्हणजे दिसायला किरकोळ. पण अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामी असतानाही साडेतीन-चार टनांची असते आणि ती कलंडताना पट्टा न बांधलेला चालक उडी मारू पाहतो, तो नेमका तिच्या छताच्या लोखंडी चौकटीखाली सापडतो.

आमच्या डॉकवर एकदा पावतीवर सही झाली, ट्रकचालकाला ती काम संपल्याची खूण वाटली आणि त्याने गाडी सुरू केली. आत दोन पॅलेट शिल्लक होते आणि फोर्कलिफ्टची पुढची चाके पट्टीवर होती. फोर्कलिफ्टचालकाने हॉर्न दाबून धरला, म्हणून निभावले. खाली उतरून पाहिले, तर ठोकळा भिंतीशीच पडलेला. हमाल म्हणाले, तो ट्रकवाला लावतो; ट्रकवाला म्हणाला, ते डॉकवाल्यांचे काम. आणि मी? सकाळपासून तीनदा त्या चाकाजवळून गेलो होतो, हातातल्या याद्या वाचत.

तेव्हापासून गाडी लागली की किल्ली आमच्या फळ्यावरच्या खिळ्याला अडकवली जाते आणि फोर्कलिफ्टचालक पहिल्या खेपेआधी खाली उतरून ठोकळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. याला मिनिटभरही लागत नाही. अर्थात, वैयक्तिक जबाबदारीचा हा आग्रह व्यवस्थापनाने ढालीसारखा वापरू नये. ठोकळा नाही म्हणून आत जायला नकार देणाऱ्यावर 'गाडी खोळंबली' म्हणून ओरडणाऱ्या माझ्यासारख्यांनी आपली जबाबदारी त्याच क्षणी सोडलेली असते, मग भिंतीवर कितीही सूचनाफलक लावलेले असोत.

अशा घटनांच्या बातम्यांत बहुधा 'वाहनाखाली सापडून कामगाराचा मृत्यू' एवढेच छापून येते. ठोकळा लावलेला होता का आणि गाडीची किल्ली त्या वेळी कोणाकडे होती, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी घटनास्थळी आवर्जून विचारावेत, एवढीच विनंती.

कळावे,
आपला,
एक गोदाम पर्यवेक्षक