किती वॉटचा, हे नंतर

प्रिय बंड्या,

अख्ख्या पत्रात तू एकच विचारलंयस, 'किती वॉटचा अ‍ॅम्प घेऊ?' ते सांगतो, पण आधी दुसरं ऐक. मेव्हण्याचा गिटारचा अ‍ॅम्प पडून आहे म्हणून त्यालाच कीबोर्ड लावायचं तुझ्या डोक्यात आहे ना, ते काढून टाक.

मी हा उद्योग करून बसलोय. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी असाच एक मागून आणला. पियानो गोधडीत गुंडाळून वाजवतोय असं वाटत होतं. डाव्या हाताने खर्जातली पट्टी जोरात दाबली की पुढची जाळी खरखरायची. ड्रमवाला दोनदा वाकून बघून गेला, काही सुटलंय का म्हणून.

त्या अ‍ॅम्पचा दोष नव्हता रे. त्यात ट्वीटरच, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकरच, नसतो. साधारण ५००० हर्ट्झच्या पुढे त्याचा स्पीकर ढेपाळतो, आणि गिटारला तेच मानवतं. ८८ पट्ट्यांच्या पियानोचा सगळ्यात वरचा सूर ४१८६ हर्ट्झचा. म्हणजे बसला की, असं तू म्हणशील. पण पियानोची चमक त्या सुरांच्याही वर जाणाऱ्या उपस्वरांत असते, आणि नेमके तेच गळतात. खाली तर पार २७.५ हर्ट्झपर्यंत मजल. (ऱ्होड्ससारखा इलेक्ट्रिक पियानो मात्र गिटारच्या अ‍ॅम्पमधून झकास वाजतो. पण तू काही तेवढंच वाजवणार नाहीस.)

मग उरले दोन. कीबोर्डचा म्हणून मिळणारा अ‍ॅम्प, नाहीतर आत अ‍ॅम्प असलेला पॉवर्ड स्पीकर. पहिल्यात तीन-चार चॅनल असतात, माइकही लागतो, तालमीला सोयीचा. पण तो बहुधा मोनो (डावी-उजवी बाजू वेगळी नाही), आणि उचलताना कंबर धरते. मी पॉवर्ड स्पीकर घेतला, दहा इंची. तो आपल्या पदरचं फारसं काही मिसळत नाही, कीबोर्डमधून येईल ते बाहेर टाकतो. स्टँडवर कानाच्या उंचीला ठेव. जमिनीवर कोपऱ्यात ठेवलास की खर्ज नुसता घुमतो.

आता वॉट. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यामुळे पन्नास की शंभर यावर झोप घालवू नकोस. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेकदा 'पीक'चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो; तू आरएमएसचा, म्हणजे सतत टिकणाऱ्या ताकदीचा आकडा विचारून घे. घरी तीसही पुष्कळ, पण ड्रम सोबत असतील तर शंभराच्या खाली मी जाणार नाही. जोरात वाजवायला नव्हे; डावा हात पडला की आवाज फाटू नये म्हणून.

एक खोड मला फार उशिरा कळली. आपल्या कीबोर्डमधला पियानो स्टीरिओत भरलेला असतो. दोन्ही बाजू एकाच स्पीकरमध्ये कोंबल्या की काही सूर एकमेकांना खातात आणि पियानो पोकळ लागतो. मी बिचाऱ्या स्पीकरला शिव्या घालत बसलो होतो! एकच स्पीकर असेल तर 'मोनो' लिहिलेल्या डाव्या जॅकला वायर लाव. तरी पोकळ वाटला तर आवाजांच्या यादीत 'मोनो पियानो' सापडतो का बघ.

दुकानात जाताना कीबोर्ड स्वतःचा ने, वायरही स्वतःची. तिथल्या भारी कीबोर्डवर कुठलाही स्पीकर गोडच लागतो. खर्जात दोन्ही हात जोरात टाक, मग सगळ्यात वरचे सूर एकेक करून हळू वाजव. शेवटी हात उचल, आवाज वाढव आणि नुसती सूं-सूं किती येते ते ऐक. विक्रेता कंटाळेल, कंटाळू दे.

आणि जायच्या आधी कीबोर्डच्या मागे कोणते जॅक आहेत ते बघून कळव. एकटा हेडफोनचाच असेल तर त्यात साधी मोनो पिन खुपसू नकोस, उजवी बाजू शॉर्ट होते. एका स्टीरिओ पिनेच्या दोन मोनो करणारी वायर लागते. माझ्याकडे एक जास्तीची आहे, पाठवतो.

तुझा,
नाना