उजेड आहे तोवरच गाडी

दहिवडी,
१८ मे २०२५

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला सहलीचा बेत मी जावईबापूंच्या नकाशासकट तीनदा वाचला. फोनवर बोलायला गेलं की निम्मं राहून जातं आणि तू "हो अण्णा, हो अण्णा" करून विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसलो. आई म्हणते, लेक नर्स आहे, दहा वर्षं ऑस्ट्रेलियात राहते, तिला काय कळत नाही का. कळतं. पण एकतीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला रस्त्याचा कागद दाखवल्यावर तो गप्प बसेल, असं होणार नाही.

पहिलं म्हणजे बेत मला मनापासून आवडला. ॲडलेडहून उत्तरेला, वाळवंटातून उलुरूच्या त्या मोठ्या खडकापर्यंत, तेही गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा. जुलै निवडलास तेही बरोबर. तिकडे तेव्हा थंडी. तिथल्या उन्हाळ्यात कुणी सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

आता हिशेब. जाऊन-येऊन किंग्ज कॅन्यन आणि ॲलिस स्प्रिंग्ज धरून साधारण ३,९०० किलोमीटर होतात आणि तुम्ही दिवस धरलेत आठ. म्हणजे एकही दिवस न थांबता रोज जवळजवळ ४९० किलोमीटर. त्यातही पहिल्याच दिवशी ॲडलेड ते कूबर पेडी, साडेआठशे. ताई, जुलैत तिथे सातनंतर उजाडतं आणि साडेपाच-सहाला मावळतं. उजेडाचे हातात दहा तास. एवढी जड गाडी, छकुलीचं शी-शू, खाणं, डिझेल हे धरून ताशी ८५ ची सरासरी पडली तरी खूप झालं. ८५० ला ८५ ने भाग, दहा तास आले. त्यात सकाळी भाड्याची गाडी ताब्यात घ्यायची, सामान भरायचं, गॅस कसा लावायचा ते समजून घ्यायचं, याला तू वेळच ठेवला नाहीस. शेवटचे दोन-तीन तास अंधारात येणार, आणि तिथला अंधारच खरा धोक्याचा.

कांगारू दिवस मावळताना आणि उजाडताना रस्त्यावर येतात. गुरंही मोकळी असतात, कारण कित्येक ठिकाणी कुंपण नाही. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात, गावाबाहेर रात्री गाडी चालवली तर विमा लागू नाही, असं कलम असतं. तुमचं बारीक अक्षर नीट वाच. आणि एवढं करून जनावर आडवं आलंच तर स्टेअरिंग फिरवायचं नाही. सरळ ब्रेक दाबायचा. कॅम्परव्हॅन उंच असते, वजन वर असतं, झटक्यात वळवली की ती कोलमडते. जनावर वाचवायला जाऊन गाडी पालथी केलेले चांगले चांगले ड्रायव्हर मी पाहिलेत. मेलेल्या कांगारूवर बसलेला गरुड दिसला तरी वेग आधीच कमी कर. तो मोठा पक्षी, त्याला उठायला वेळ लागतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आलो होतो तेव्हा तू मला पोर्ट ऑगस्टापर्यंत नेलंस, तिथे पेट्रोल पंपावर ती रोड ट्रेन उभी होती, आठवतं? एक ट्रक आणि मागे जोडलेले डबे. मी चाकं मोजत कडेकडेने चालत गेलो आणि चाळिशीनंतर माझा हिशेब चुकला. नंतर रस्त्यावर तसलीच एक समोरून गेली तेव्हा आपली गाडी वाऱ्याने अशी डुगडुगली की आईने देवाचं नाव घेतलं. अशा गाड्या साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असतात. आपली लाल गाडी धर अकरा-बारा मीटर, म्हणजे साडेचार-पाच एसट्या एका ओळीत. तिला ओव्हरटेक करायचं तर गणित असं. समजा ती ताशी १०० ने चालली आहे आणि तू ११० ने. मागचं-पुढचं अंतर धरून तुला १२० मीटर जास्त कापायचेत. त्याला त्रेचाळीस सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तू उलट्या बाजूने १,३०० मीटर गेलेली असतेस. समोरून येणारा गडीही तेवढंच अंतर कापतो, म्हणून समोरचा रस्ता तीन किलोमीटर स्वच्छ दिसत नसेल तर तिच्या मागे राहा. मागे राहण्यात कमीपणा नाही. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे हाताला सवय आहे. पण सरळ रस्त्यावर झोप येते. घाटात ड्रायव्हर जागा असतो, सपाटीला डुलकी लागते. दर दोन तासांनी तुम्ही दोघं हात बदला.

म्हणून माझं ऐकशील तर गाडीने परत येणं सोडून दे. ॲलिस स्प्रिंग्जला गाडी परत करता येते का विचार आणि तिथून विमानाने ॲडलेडला या. एकेरी भाड्याचे वरचे पैसे पडतील, ते मी देईन. दहा दिवस घ्या. पहिल्या दिवशी पोर्ट ऑगस्टाच, ३१० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर निघून कूबर पेडी, ५४०. तिसरा दिवस तिथेच. मग मार्लावरून राज्याची हद्द ओलांडून अर्लडंडा, साधारण ४९०. तिथून डावीकडे वळलं की यूलारा, उलुरूजवळचं मुक्कामाचं गाव, २४५. यूलाराला तीन रात्री, मग किंग्ज कॅन्यन, मग ॲलिस. सगळं मिळून २,४०० च्या आत बसतं. प्रत्येक मुक्कामाला सूर्य मावळायच्या तासभर आधी चाक थांबलं पाहिजे, हा एकच नियम धरून मी हे मांडलं आहे. कुठे उशीर झाला तर अलीकडे मुक्काम करा.

कूबर पेडीला पूर्ण दिवस मी मुद्दाम ठेवलाय. तिथले लोक उन्हापायी जमिनीखाली घरं कोरून राहतात, देवळं म्हणजे चर्चसुद्धा खाली. १९१५ साली वडिलांबरोबर सोनं शोधायला आलेल्या चौदा वर्षांच्या पोराला तिथे ओपल नावाचं रत्न सापडलं, तेव्हापासून ते गाव. त्या गावाला पाणी जमिनीखालून उपसून, खारेपणा काढून मिळतं. माण तालुक्यातल्या माणसाला हे गाव परकं वाटायचं कारण नाही. पण गावाबाहेर खाणींची उघडी भोकं आहेत हजारोंनी, आणि फोटो काढता काढता मागे सरकू नका अशा पाट्या लावलेल्या असतात. छकुलीचा हात सोडू नकोस.

डिझेल मिळेल तिथे भरायचं, टाकी अर्धी असली तरी. ग्लेन्डॅम्बोपासून कूबर पेडीपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या पट्ट्यात काही नाही. निघायच्या आधी पुढच्या पंपाला फोन करून चालू आहे का विचारून घे. मोबाइलला रेंज गावापुरती असते, म्हणून नकाशा कागदाचा जवळ ठेव. त्याच पट्ट्यात रस्त्यावर विमान उतरवायच्या खुणा रंगवलेल्या दिसतील, डॉक्टरांच्या विमानासाठी. तू नर्स आहेस, तुला त्याचं महत्त्व मी काय सांगू. छकुलीला मात्र दाखव.

आता पाणी. तुझ्या कागदावर पाण्याची ओळच नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तू दुसरीत होतीस. चैत्रातली दुपार, पंढरपूरची गाडी. शाळेला सुट्टी म्हणून मी तुला बरोबर घेतलं होतं. तू बॉनेटला टेकून बसलेली आणि ते तापतंय म्हणून पायाखाली माझा टॉवेल. म्हसवड सोडल्यावर काटा वर चढायला लागला. गाडी बाजूला घेतली, तर रेडिएटरचा होज फाटलेला. ट्यूबचं रबर गुंडाळून तारेने आवळला, पण आत घालायला पाणी नव्हतं. कॅन भरून घ्यायचा मी विसरलो होतो. माझीच चूक, दुसऱ्या कुणाची नाही. चाळीस-पंचेचाळीस माणसं उन्हात उतरून बसली. मागच्या सीटवर एक म्हातारी होती. तिच्या मांडीवर पाच लिटरचा कॅन, झाकणाला फडकं बांधलेलं. लेकीच्या गावाला टँकर चुकला म्हणून ती घरचं पाणी भरून लेकीकडे चालली होती. एक अक्षर न बोलता तिने तो कॅन माझ्या हातात दिला. इंजिन थंड झाल्यावर मी ते पाणी आत ओतलं, थेंब न थेंब. गाडी सुरू झाली तेव्हा तू मला विचारलंस, "अण्णा, आता तिची लेक काय पिणार?"

मला तुला उत्तर देता आलं नाही. पुढच्या गावात गाडी थांबवून मी तिचा कॅन हापशावरून भरून दिला, पण ते पाणी मचूळ होतं, तिने आणलेलं गोड होतं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत भरलेल्या कॅनशिवाय मी डेपोच्या फाटकाबाहेर गाडी काढली नाही.

तर माणशी रोज पाच लिटर पिण्याचं. तिघांचे पंधरा. दोन दिवस अडकून पडाल असं धरून तीस लिटर, वेगळ्या कॅनमध्ये, आणि व्हॅनच्या टाकीतलं पाणी यात मोजायचं नाही. ते भांड्यांना आणि हातपाय धुवायला. कॅन एकच मोठा नको, पाच-पाचचे सहा घे, एक फुटला तर पाच राहतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, काहीही झालं तरी. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. सावलीला बसून वाट बघायची. आणि डांबर सोडायचं नाही. किंग्ज कॅन्यनहून ॲलिसला जवळचा म्हणून एक कच्चा रस्ता नकाशात दिसतो, जावईबापूंनी त्यावर पेन्सिल फिरवलेली मी पाहिली. भाड्याच्या साध्या व्हॅनला तो नाही. लांबचा पडला तरी पक्का रस्ता, पावणेपाचशे किलोमीटर.

रात्री तिथे जुलैत पारा शून्याखालीही जातो. थंडी वाजते म्हणून आतली शेगडी पेटती ठेवून, काचा लावून झोपू नका. जास्तीची एक रजई घ्या. आई म्हणते थालीपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी घरीच करून डब्यात घाल, वाटेत सारखे पावाचे तुकडे छकुलीला नकोत. तव्यावर पाच मिनिटांत होतं, भांडीही कमी लागतात.

यूलाराच्या वाटेवर डावीकडे एक सपाट माथ्याचा डोंगर लागतो, माउंट कॉनर. पुष्कळ लोक तोच उलुरू समजून गाड्या थांबवतात. छकुलीला आधीच सांगून ठेव, म्हणजे ती तुम्हाला सांगेल. खरा उलुरू ३४८ मीटर उंच आणि भोवतालचा घेर ९.४ किलोमीटर. सगळी प्रदक्षिणा तिच्या पायांना जड जाईल, मुटिटजुलूच्या पाणवठ्यापर्यंतची छोटी वाट तिला जमेल. एवढ्या कोरड्या मुलखात त्या दगडाच्या पायथ्याशी पाणी साठतं, ते तिने पाहायलाच हवं. उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानाचा पास तीन दिवसांचा मिळतो म्हणून मी तीन रात्री म्हटलं. गाडी मात्र यूलाराच्या तळावरच लावायची, उद्यानात मुक्काम करू देत नाहीत. जागा आजच बुक कर.

तो डोंगर तिथल्या मूळच्या अनंगू लोकांचा देव आहे असं मी समजतो. १९८५ साली जमीन त्यांना परत मिळाली आणि २०१९ पासून वर चढणं कायमचं बंद झालं. जावईबापू म्हणाले, "चढता आलं असतं तर मजा आली असती." त्यांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की शिखर शिंगणापूरला आपण मुंगी घाटाने कावडी घेऊन चढतो ते देवाला मान्य आहे म्हणून. तिथल्या लोकांना चढणं मान्य नाही, तर पायथ्याशी हात जोडायचे. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. तिथे मोबाइल खिशात.

मी आयुष्यभर लोकांना जत्रेला, लग्नाला, परीक्षेला, बाळंतपणाला पोचवलं. तुला आणि आईला घेऊन, कुठेही न पोचवता नुसतं बघायला म्हणून मी कधीच गेलो नाही. सुट्टी मिळायची तेव्हा मला गाडीकडे बघवत नसे. तू तुझ्या पोरीला घेऊन निघालीस याचा मला किती आनंद झालाय ते मला नीट लिहिता येत नाही. म्हणून तर हे एवढं पाणी न् डिझेल लिहीत बसलो.

कूबर पेडीला रेंज असेल, तिथून फोन कर. मग यूलाराहून. तुमच्या आमच्यात त्या भागात चार तासांचा फरक, म्हणजे तुमचे संध्याकाळचे पाच वाजले की आमचा दुपारचा एक. मी जेवण आटोपून फोनजवळ बसेन. छकुलीला गोड पापा.

तुझा,
अण्णा

ता. क. गाडी ताब्यात घेताना स्टेपनी नुसती बघू नका, हवा मोजायला लावा. जॅक आणि पाना आहे का ते बघा, आणि तिथेच, त्यांच्या आवारात, एकदा चाकाचे नट ढिले करून पुन्हा आवळून बघा. मशिनने आवळलेले नट कधी कधी दोन माणसांनी जोर लावला तरी हलत नाहीत.