कोठडीतील तीन चौरस मीटर

महोदय,

तुरुंगांतील दुरवस्थेबाबत स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडे जाणाऱ्या तक्रारींना ‘कैद्यांचे चोचले’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ८ जानेवारी २०१३ रोजीचा इटलीविरुद्धचा निकाल जरूर वाचावा. ९ चौरस मीटरच्या कोठडीत तिघांना कोंबल्याच्या त्या तक्रारींवर न्यायालयाने अमानुष व अपमानास्पद वागणुकीस मनाई करणाऱ्या, युरोपीय मानवाधिकार करारातील कलम ३ चा भंग झाल्याचा निर्वाळा दिला आणि इटलीला उपाययोजनेसाठी वर्षभराची मुदत दिली. पुढे २०१४ मध्ये इटलीने अशा हालअपेष्टांच्या दर दहा दिवसांमागे शिक्षेत एका दिवसाची सूट आणि सुटका झालेल्यांना दिवसाला ८ युरो देऊ केले. ही रक्कम म्हणजे जखमेवर मीठच.

क्रोएशियाविरुद्धच्या २०१६ मधील निकालाने सामूहिक कोठडीत माणशी किमान ३ चौरस मीटर हा निकष पक्का केला. मात्र त्यात शौचालयाची जागा वगळली जाते, खाट-टेबलाची धरली जाते, हे मला खटकते. कैद्याला नीट हालचाल करता यावी, अशी पुस्ती न्यायालयाने जोडली असली, तरी खाटेने अडवलेली फरशी कागदोपत्री त्याच्याच वाट्याची ठरते.

– एक वाचक