व्हेसुव्हियसनंतरचे पंचनामे

पुणे

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या राखेतले माणसांचे साचे बघून लोक हळहळतात आणि पुढे जातात. तू मात्र विचारलंस की जे वाचले त्यांचं पुनर्वसन कुठे झालं, आणि ज्यांच्यामागे कुणी उरलंच नाही त्यांच्या मिळकती कुणाच्या घशात गेल्या? उभी हयात महसूल खात्यात काढलेल्या माणसालाच हे सुचणार! पण प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मिळकतींचं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा रोमचा सम्राट टायटस याला गादीवर येऊन जेमतेम काही महिने झाले होते. सुएटोनियस हा त्याचा चरित्रकार सांगतो, की टायटसनं माजी कॉन्सलांमधून (म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकारपदावर राहिलेल्यांमधून) चिठ्ठ्या टाकून अधिकारी निवडले आणि व्हेसुव्हियसभोवतीचा कंपानिया हा मुलूख सावरण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. बेवारस मिळकती एरवी सरकारजमा व्हायच्या; त्या त्यानं आपद्‌ग्रस्त शहरांच्या उभारणीला लावून दिल्या. चिठ्ठ्या का, ते तुला सांगायला नको. अशा नेमणुकांवर कुणाकुणाचा डोळा असतो ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस. पुढच्या वर्षी टायटस स्वतः कंपानियात असताना इकडे रोममध्ये आग लागली, ती तीन दिवस धुमसत होती. ८१ मध्ये तो वारलाही. म्हणजे दोन वर्षांची कारकीर्द, त्यातली बरीचशी मदतकार्यातच गेली.

पण एक गोष्ट ध्यानात घे. तो पैसा पॉम्पेई किंवा तिच्यासारखंच गाडलं गेलेलं शेजारचं हर्क्युलेनियम पुन्हा उभारायला गेला नाही. हर्क्युलेनियमवर वीसेक मीटरचा थर बसून त्याचा दगड झाला होता, तिथे उभारणार काय? नेपल्समध्ये टायटसच्या नावाचा ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांतला शिलालेख आहे, त्यात भूकंपानं पडलेल्या वास्तू त्यानं पुन्हा बांधून दिल्याचं नोंदवलंय. शहाणपणाचाच निर्णय म्हणायचा. माणसं जिथे जाऊन पोचली होती तिथेच खर्च झाला.

ती कुठे पोचली याचा माग स्टीव्हन टक या अमेरिकन इतिहासकारानं आडनावांवरून काढला. पॉम्पेई-हर्क्युलेनियममधली ठळक कुळनावं घ्यायची आणि ती ७९ नंतर दुसऱ्या कुठल्या गावच्या शिलालेखांत उगवतात का ते पाहायचं. वारसनोंदीच्या कामासारखंच की हे! नेपल्स, क्यूमे, पुतेओली आणि रोमचं बंदर ओस्तिया इथे ती सापडली. नेपल्समध्ये तर हर्क्युलेनियमकरांच्या नावाचा एक वेगळा भागच होता. सोडवलेला गुलाम धन्याचं कुळनाव लावायचा, त्यामुळे या यादीत नुसते शेठसावकार नाहीत. तरीही दगडावर नाव कोरून घेण्याइतकी ऐपत ज्याची, तोच आपल्याला दिसतो, हे विसरून चालणार नाही.

ज्यांची ऐपत नव्हती त्यांची हकीकत मला जास्त लागली. पॉम्पेईवर चार ते सहा मीटर राख होती, त्यामुळे वरचे मजले जागोजागी बाहेर डोकावत होते. लोक परत आले, आधी उकरायला. भिंतींना भोकं पाडून, भुयारं खणून संगमरवर, पुतळे, भांडीकुंडी, मिळेल ते बाहेर काढलं. एका घराच्या दाराशी लॅटिन शब्द ग्रीक अक्षरांत खरडलेले आहेत, त्यांचा अर्थ 'घर फोडलंय'. मूळ मालकानं लिहिलं की चोरानं, काय सांगावं! आणि नंतर काहींनी तिथेच बिऱ्हाड थाटलं. २०२५ मध्ये पॉम्पेईच्या पुरातत्त्व खात्यानं शहराच्या दक्षिण टोकाच्या वस्तीतले पुरावे जाहीर केले. वरच्या मजल्यावर राहणं, आणि जो एकेकाळी तळमजला होता तो आता तळघर. तिथे चुली, भट्ट्या, दळायची जाती. नळाचं पाणी, स्नानगृहं, बाजारपेठ यांपैकी काही नाही. अशी वस्ती पाचव्या शतकापर्यंत टिकली. मग इतकी वर्षं ती दिसली कशी नाही? कारण खणणाऱ्यांना खालची भित्तिचित्रं हवी होती. वरचे थर त्यांनी न नोंदवताच उपसून फेकून दिले. मला याचा राग येतो. राजवाड्यासाठी झोपडपट्टी हटवण्याची ही पुरातत्त्वातली तऱ्हा झाली.

आता जमीन. मार्शल हा कवी त्या शतकाच्या नवव्या दशकात लिहितो, की कालपर्यंत द्राक्षवेलींनी हिरवा असलेला डोंगर ज्वाळांत आणि राखेत बुडालाय. पण थोड्याच वर्षांनी नेपल्सचाच कवी स्टेशियस बायकोला 'इकडे राहायला ये' म्हणून मनवताना सांगतो, की डोंगरानं इथली गावं काही ओस पाडलेली नाहीत, राखेत गेलेलं स्टॅबिए गाव पुन्हा जन्माला आलंय. नवऱ्याच्या आर्जवातलं चार आणे बाजूला काढ, तरी बारा आणे उरतात. ९५ मध्ये सम्राट डोमिशियननं पुतेओलीपर्यंत नवा रस्ता आणला. १२१ मध्ये सम्राट हेड्रियननं नुसेरिया ते स्टॅबिए रस्ता दुरुस्त केल्याचा मैलाचा दगड सापडलाय. आणि दुसऱ्या शतकात गेलेन हा वैद्य क्षयाच्या रोग्यांना स्टॅबिएचं दूध प्यायला धाडत होता. गुरं चरत होती म्हणजे कुरणं परतली होती. डोंगराच्या उत्तर अंगाला सोमा व्हेसुव्हियाना इथे तर एका मोठ्या वाड्यात पुन्हा जोरात द्राक्षाची वाइन बनवली जात होती; टोकियो विद्यापीठाचे लोक तिथे २००२ पासून खणताहेत. ज्वालामुखीच्या राखेतलं पोटॅश मुरायला वेळ लागतो, पण मुरलं की द्राक्षाला मानवतं. आपली काळी मातीही लाव्ह्याचीच, फक्त साडेसहा कोटी वर्षं मुरलेली.

जाता जाता एक. पॉम्पेईत १९३८ मध्ये मिळालेली हस्तिदंती 'लक्ष्मी' तुला माहीत असेल. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तुमच्या जालन्याच्या भोकरदनला उत्खननात मिळाली आहे. राखेखाली आपल्याकडचंही काहीबाही गाडलं गेलं होतं म्हणायचं.

४७२ मध्ये डोंगर पुन्हा फुटला आणि सोमा व्हेसुव्हियानाचा तो वाडाही बुडाला. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एकदा राख पडली तेव्हा इटलीवर थिओडोरिक या गॉथ राजाचं राज्य होतं. कंपानियाच्या लोकांनी सारामाफी मागितली. त्यावर राजाचा जो हुकूम निघाला तो त्याचा कारभारी कॅसिओडोरस यानं लिहिलेला आहे, आणि तो शब्दशः उरलाय. नोला आणि नेपल्सच्या मुलखात एक खात्रीचा, सचोटीचा माणूस पाठवा, त्यानं शेतं डोळ्यांनी पाहावीत, आणि ज्याचं जेवढं नुकसान तेवढीच त्याला सूट द्यावी. सरसकट माफी नाही! यावर तुझं मत काय ते मला कळव, कारण गारपिटीच्या वर्षी तू याच्या नेमकं उलट भांडला होतास.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप