प्रगतिपुस्तकं आणायला सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही तेव्हा पुण्यात निवासी डॉक्टर होतात. आता कुठल्या गावी असता ते ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कराडहून पहाटेच्या एसटीने आलेला, सहावीतला असून चौथीतला वाटणारा मुलगा, आणि रिपोर्टांची फुगलेली पिशवी घेतलेली त्याची आई. आठवलं तर आठवलं.

पिशवीत वर्षभराचं सगळं होतं. जंताचं औषध तीनदा झालं होतं, दूध बंद करून झालं होतं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली होती. पोट दुखायचं, कधी पातळ व्हायचं, कधी नाही. सारखं तोंड यायचं. हिमोग्लोबिन नऊच्या वर चढेना. मग सोनोग्राफीत लहान आतड्याच्या शेवटी सूज आणि बाजूला गाठी दिसल्या आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने न चुकता दिल्या. लघवी केशरी झाली, बाकी काही बदललं नाही.

तुम्ही पिशवी बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "याची जुनी प्रगतिपुस्तकं आहेत का घरी?" मला वाटलं, आता अभ्यासाच्या टेन्शनने पोट दुखतं म्हणणार. (तेही एकांनी सांगून झालं होतं.) पण तुम्हाला मार्क नको होते. बाई उंची-वजन लिहितात ते रकाने हवे होते. ह्यांनी घरून फोटो पाठवले. दुसरीत १२१, तिसरीत १२६, चौथीत १२८, पाचवीत १२९, आणि तुम्ही स्वतः भिंतीला उभं करून मोजलीत ती १३०. वाढीच्या तक्त्यावर तुम्ही एकेक ठिपका देत गेलात. मधल्या रेषेवरून चाललेलं पोर तिसरीनंतर घसरत घसरत सगळ्यात खालच्या रेषेपाशी आलं होतं. पोटाचं दुखणं वर्षाचं, पण वाढ तीन वर्षांपूर्वीच अडली होती. त्या प्रत्येक पुस्तकावर पालकांची सही माझी आहे, मॅडम. गणिताचे मार्क बघायचे आणि सही ठोकायची.

मग पडदा ओढून तुम्ही त्याला म्हणालात, "शीची जागा बघायची आहे, अर्धं मिनिट." तोवर कितीतरी जणांनी पोट दाबून पाहिलं, चड्डी कुणी काढायला लावली नव्हती. तिथे कातडीचे सुजलेले कोंब होते आणि एक चीर. त्याने ते लाजून मलाही सांगितलं नव्हतं. शाळेत संडासला जावं लागू नये म्हणून तो डबा खात नव्हता, हेही तेव्हाच कळलं. मी डब्यात काय आवडत नाही म्हणून रोज त्याच्यावर चिडत होते.

तुम्ही आधीच्या डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत. आपल्याकडे टीबी इतका, की आतड्याच्या त्याच कोपऱ्यात सूज दिसली तर पहिला संशय त्याच्यावरच जातो, म्हणालात. शीची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी केली. पन्नासच्या आत हवं ते अकराशेवर. मी घाबरले तर तुम्ही समजावलंत, की यावरून आतड्याला सूज आहे एवढंच कळतं, कशामुळे ते नाही, टीबीतही हा आकडा चढतो. म्हणून दुर्बीण वरून आणि खालून, दोन्हीकडून घातली. चांगल्या दिसणाऱ्या भागाचेही तुकडे घेतले आणि काही टीबीच्या जंतूंच्या तपासणीला वेगळे पाठवले. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते पाणी पिताना पोराने मला जन्माची दूषणं दिली, ते सोडा. आतडं एका जागी खोल चिरलेलं, पुढे चांगलं, पुन्हा चिरलेलं. टीबीचा जंतू सापडला नाही. मोठ्या सरांनी सगळे कागद एकत्र मांडून क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणाऱ्या आजाराचं नाव घेतलं, तेव्हा तुम्ही मागे उभ्या होतात.

पोराने विचारलं, क्रोन म्हणजे काय? तुम्ही खुर्ची ओढून सांगितलंत, की १९३२ साली न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी मिळून या आजारावर लेख लिहिला, क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर, आणि नावं अक्षरांच्या क्रमाने होती म्हणून पहिल्याचंच चिकटलं. "म्हणजे हजेरीत पहिला नंबर," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी हसला होता.

पुढचे आठ आठवडे जेवणाऐवजी उपचार म्हणून फक्त डब्यातली पोषणाची पावडर पाण्यात कालवून. भाकरी नाही, भात नाही, गणपतीत मोदक नाही. घरात आमटीला फोडणी द्यायचं मला धैर्य होईना. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून सायकल काढून गेला. आजार गेलेला नाही, गोळ्या चालू आहेत, मध्ये एकदा पुन्हा बिघडलंही. आता बिघडलं की तो स्वतः येऊन सांगतो, लाजत नाही.

परवा सातवीचं प्रगतिपुस्तक आलं. गणितात पस्तीसला टेकलाय. उंची १३७. तो रकाना तुम्हाला दाखवायचा होता.

आपली,
त्या मुलाची आई